खाऱ्या पाण्याची नवी टाकी: पहिला मासा कोणता, कधी सोडायचा आणि जगवायचा कसा?

तळेगावकर:
टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली ४० लिटरचा संप (गाळणीची खालची टाकी), पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप, फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर, पाणी ढवळणारे दोन वेव्हमेकर. १५ किलो सुके दगड आणि अरागोनाइट वाळू आणून ठेवली आहे. पाणी अजून भरलेलं नाही. प्रवाळ ठेवायचे नाहीत, फक्त मासे.
यादी: क्लाउनफिशची जोडी, एक ब्लू टँग, एक मँडरिन, चार डॉमिनो डॅमसेल. दुकानदाराचं म्हणणं, आधी डॅमसेल सोडा, ते काटक असतात, त्यांच्यावर टाकी सायकल होईल (म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत वसतील), पंधरा दिवसांनी बाकीचे आणा. हा क्रम बरोबर आहे का? पाणी बोअरचं आहे. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का?

खाडीकाठ:
पाणी भरलं नाहीये हे फार चांगलं झालं. सगळं अजून तुमच्या हातात आहे.

आधी पाणी. स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओला 'टीडीएस कंट्रोलर' नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, म्हणजे पाण्याला चव येते. काही मशिनांत वर मिनरलचं काडतूसही असतं. पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नाही. कंट्रोलर पूर्ण बंद करा, मिनरलच्या काडतुसाच्या आधीच पाणी काढून घ्या आणि पुढे उरलेले क्षारही शोषणारं एक डीआय रेझिनचं काडतूस जोडा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ० हवा. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिका दोन्ही भरपूर असू शकतात, आणि पुढे महिनोन्महिने तपकिरी शेवाळ काढत बसावं लागतं ते त्यांच्यामुळेच.

मीठ मत्स्यालयासाठी बनवलेलं सिंथेटिक सी सॉल्टच घ्या. मिठागरातलं जाडं मीठ समुद्राच्याच पाण्याचं असलं तरी ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. मिठाच्या आधीच जिप्सम खाली बसलेलं असतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्याबरोबर निघून जातं. किनाऱ्यावरून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायचा विचारही सोडा. मुंबईच्या आसपास प्रदूषण आहेच, शिवाय पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळ क्षारता किती घसरेल याचा भरवसा नाही.

तुमच्या टाकीचं माप १८० लिटरच्या वर निघतं, पण दगड-वाळूची जागा वजा करून संपातलं पाणी मिळवलं तर प्रत्यक्षात १७० लिटर धरा. लिटरला साधारण ३६ ग्रॅम म्हणजे सहा किलोच्या थोडं वर मीठ लागेल. नेमका आकडा ब्रँडनुसार बदलतो, म्हणून पिशवीवरचा आकडा प्रमाण मानून थोडं कमीच घाला आणि मोजत मोजत वाढवा. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावलेलं यंत्र ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकू शकतं.

बाष्पीभवनाने फक्त पाणी जातं, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे रोजची भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच.

निळाई:
यादीबद्दल लिहिते, कारण माशांचे निम्मे मृत्यू यादी करतानाच ठरतात.

ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला लांब पोहायला लागतं. तीन फुटी टाकीत तो ताणाखाली राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सगळ्यांत आधी त्यालाच धरतो. सहा फुटी टाकी नसेल तर घेऊ नका. मँडरिन दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) टिपत फिरतो. नव्या टाकीत कोपेपॉड नसतातच. दुकानात दिसायला टुकटुकीत असतो, घरी आल्यावर हळूहळू पोट खपाटीला जातं आणि महिना-दोन महिन्यांत उपासमारीने जातो. गोठवलेलं खाणं उचलणारा मँडरिन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणू नका, आणि तोही टाकी वर्षभर मुरल्यावर. डॉमिनो डॅमसेल लहानपणी गोड दिसतात, पण मोठे झाले की १२-१३ सेंटिमीटरचे होतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला फाडतात. एकदा टाकीत गेले की दगड उचलल्याशिवाय सापडत नाहीत.

याच यादीत आणखी काही नावं धरा, कारण दुकानात ती गळ्यात मारली जातात: क्लीनर रास, मूरिश आयडल, कॉपरबँड बटरफ्लाय. हे खाण्याच्या बाबतीत अवघड मासे आहेत. ॲनिमोनही, म्हणजे क्लाउन निसर्गात ज्याच्या आश्रयाने राहतात तो समुद्री प्राणीही, आत्ता नको. क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोन लागत नाही, आणि ॲनिमोनला मात्र जोरदार प्रकाश आणि स्थिरावलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो मरतो आणि मरताना पाणी नासवतो.

तुमच्या मापाला पाच मासे पुरे. टाकीत पैदास केलेल्या ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक यलो वॉचमन गोबी, एक बांगाई कार्डिनल. क्लाउन सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला वरचढ मासा मादी होतो, म्हणून दोन लहान पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक थोडं छोटं. दोन पूर्ण वाढलेले एकत्र आणलेत तर दोन्ही माद्या निघण्याची शक्यता असते, आणि मग एक दुसरीला जिवंत ठेवत नाही.

मालवणी_दर्या:
कायद्याचं सांगून ठेवतो. आपल्याकडे टणक प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकडी ही सगळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. भारतीय किनाऱ्यावरून उचललेला 'लाइव्ह रॉक' (जिवंत जीव वसलेला दगड) म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच तुकडा. कोणी स्वस्तात देतो म्हणून घेऊ नका. सुके दगड घेतलेत ते योग्यच केलंत.
क्लाउनची पैदास आता आपल्याकडेही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दक्षिणेत तंत्र बसवलं, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या मदतीने हॅचरी उभी राहिली. विकत घेताना 'टाकीत पैदास झालेला की समुद्रातून पकडलेला' हे विचाराच. पैदास केलेलं पिल्लू दाणे खायला शिकलेलं असतं आणि त्याच्या अंगावर परजीवी असण्याची शक्यता खूप कमी असते.

तळेगावकर:
यादी बदलतो. पण मग मासा न सोडता सायकल कशी करायची? दुकानात जीवाणूंची बाटली देतात आणि म्हणतात, ओता आणि त्याच दिवशी मासा सोडा.

खाडीकाठ:
अमोनिया घालून. डॅमसेल सोडून सायकल करायची म्हणजे त्याचे कल्ले अमोनियाने जाळायचे, आणि त्याच्या अंगावरून परजीवीही टाकीत येतात ते वेगळंच.

अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईसाठी बाजारात मिळतो तो नको, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नाही आणि धातूंचे अंश असतील तर ते दगडात मुरतात. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानात शुद्ध प्रतीचा मिळतो. १७० लिटरला सुमारे १ ग्रॅम घातला की २ पीपीएम (दहा लाखात २ भाग) अमोनिया होतो. आधी कपभर पाण्यात विरघळवा, मग वेव्हमेकरच्या धारेत ओता.

जीवाणूंची बाटली घाला, जरूर घाला, पण खाऱ्या पाण्याचीच. सुक्या दगडांवर बाटलीशिवाय चार ते सहा आठवडे लागतात, चांगल्या बाटलीने दोन-तीनमध्ये उरकतं. टाकी तयार झाली असं केव्हा म्हणायचं? २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत चाचणीत शून्य दिसायला लागला की. तोवर एकही मासा नको. काही चाचणी संचांत रंग पुरता पिवळा, म्हणजे शून्याचा, होतच नाही, ०.२५ सारखी छटा राहते. ताज्या बनवलेल्या खाऱ्या पाण्याचीही चाचणी करा आणि दोन नळ्या शेजारी धरून तुलना करा.

नायट्राइटची धास्ती घेऊ नका. गोड्या पाण्यात तो घातक असतो, समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड मात्र त्याला कल्ल्यांतून शिरू देत नाही. पण नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी अवाच्या सवा आकडा दाखवते, तेव्हा त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सायकल संपली की एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला, आणि मासा येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी चिमूटभर, म्हणजे १ पीपीएमपुरता, अमोनिया घालत राहा, नाहीतर जीवाणू उपाशी पडतील.

आणि आज एक काम करा: दोन स्पंज फिल्टर विकत आणा आणि पाणी भरल्या दिवसापासून संपात ठेवून द्या. कशासाठी ते कल्ला सांगेल.

कल्ला:
विलगीकरणासाठी, म्हणजे नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवण्यासाठी. या धाग्यात एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल: नव्या टाकीतला पहिला मासा सहसा टाकीमुळे मरत नाही, पिशवीतून त्याच्याबरोबर जे आलं त्याने मरतो. समुद्री मासा घाऊक व्यापाऱ्याच्या, मग दुकानाच्या अशा सामाईक पाण्यांतून फिरत येतो. काही दुकानं टाक्यांत तांबं (परजीवी मारणारं औषध) कमी मात्रेत ठेवतात आणि क्षारता विशिष्ट गुरुत्वात १.०१८-१.०२० ला उतरवून ठेवतात. आजार दबलेला राहतो, अंग स्वच्छ दिसतं. तुमच्या टाकीत ना तांबं ना उतरवलेली क्षारता, त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी सगळं उफाळून येतं.

म्हणून प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत. ५० लिटरची साधी काचेची टाकी, तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. संपात मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी, वर जाळी. जाळं, नळी, मोजमाप सगळं वेगळं. ओला हात एका टाकीतून दुसरीत जायचा नाही. मुख्य टाकीपासून किमान तीन मीटर लांब, कारण हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या थेंबांबरोबर व्हेल्व्हेटसारखे परजीवी पसरतात.

दुकानात विचारायच्या गोष्टी: क्षारता किती, तांबं आहे का, मासा येऊन किती दिवस झाले. समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो आणायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. पोट आत गेलेला, कल्ले भरभर हलवणारा, कोपऱ्यात पृष्ठभागाशी लटकणारा मासा नको. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.

रेवती_म:
घरी आणल्यावर दोन तास थेंब थेंब पाणी सोडून सरावायचं ना? सगळीकडे तसंच वाचलं आहे.

कल्ला:
जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला चालून जातं. चेन्नईहून किंवा मुंबईच्या घाऊक बाजारातून बारा-पंधरा तास पिशवीत आलेल्या माशाला मात्र तेच मारतं. कारण असं: बंद पिशवीत मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, पीएच ७ च्या आसपास उतरतो. साचलेल्या अमोनियाचा तेव्हा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, वर तुम्ही ८.२ पीएचचं पाणी थेंब थेंब घालता, आणि विषारी हिस्सा सात टक्क्यांच्या घरात जातो. मासा दोन तास त्यात बसतो.

त्यापेक्षा विलगीकरण टाकीची क्षारता आदल्या दिवशीच दुकानाच्या क्षारतेला आणून ठेवा. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं करा. दिवे मंद. मग पिशवी कापा, रिफ्रॅक्टोमीटरने पाणी तपासा, फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा डब्यात घेऊन थेट सोडा. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका. नंतर दोन-तीन दिवसांत थोडी थोडी क्षारता वाढवत १.०२५-१.०२६ ला न्या. क्षारता खाली उतरवणं माशाला सोसतं, झपाट्याने वाढवणं सोसत नाही.
गोगलगायी आणि खेकडे यांचं उलट असतं. त्यांना क्षारतेतला लहान फरकही बाधतो, त्यांना सावकाशच सरावायचं.

तळेगावकर:
विलगीकरणात औषध घालायचं की नुसतं बघत राहायचं?

कल्ला:
यावर जाणकारांतही मतभेद आहेत. पैदास केलेले मासे थेट हॅचरीतून आणले असतील तर चार ते सहा आठवडे निरीक्षण पुरे. समुद्रातून पकडलेल्या माशांना, किंवा दुकानाच्या सामाईक पाण्यातून आलेल्यांना, मी तांबं देण्याच्याच बाजूने आहे.

चिलेटेड (सेंद्रिय रेणूशी बांधलेल्या) तांब्याचं तयार औषध घ्या, लक्ष्य २.० ते २.५ पीपीएम. पहिले एक-दोन दिवस माशाला खायला लावा, मग चार-पाच दिवसांत हळूहळू लक्ष्यापर्यंत चढवा. मोजायला डिजिटल हाय-रेंज कॉपर चेकर हवा, रंग जुळवायच्या संचावर भरवसा नको. १.५ ला परजीवी मरत नाही, ३ च्या वर मासा खाणं सोडतो. मात्रा गाठल्यावर ३० दिवस एकही दिवस २ च्या खाली जाऊ द्यायची नाही. बदलायचं पाणी आधीच त्याच मात्रेचं बनवून मग ओता.

तांबं चालू असताना अमोनिया बांधणारी द्रव्यं घालू नका. त्यांतली क्षपणकारक रसायनं तांब्याला जास्त विषारी रूपात नेतात. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच उपाय. दगड-वाळू का नको, तर चुनखडी तांबं शोषून घेते आणि मात्रा स्थिर राहत नाही. मुख्य टाकीत तांबं कधीच नाही. तिथले गोगलगायी आणि खेकडे मरतील, आणि ते दगडात मुरून राहील.

निळाई:
लक्षणांची गल्लत होते म्हणून वेगळं लिहिते.

मिठाच्या दाण्यासारखे मोजता येणारे ठिपके, आज दिसले उद्या गेले, परवा जास्त आले: क्रिप्टोकॅरियन, ज्याला सगळे मरीन इक म्हणतात. ठिपके गेले म्हणजे बरा झाला असं समजू नका. परजीवी अंगावरून गळून तळाशी कोष करतो, तिथून शेकडोंनी परत येतो. काही कोष ७० दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे काढून ती ७६ दिवस बिनमाशांची ठेवावी लागते.

पिठाची बारीक भुकटी उडाल्यासारखं अंग, खूप जलद श्वास, वेव्हमेकरच्या धारेत तोंड घालून राहणं, उजेडापासून दूर जाणं: व्हेल्व्हेट. हा दोन दिवसांत टाकी रिकामी करतो. इथे तांबं चार-पाच दिवसांत नाही, पहिल्या दोन दिवसांतच लक्ष्याला न्यायचं.

क्लाउनच्या अंगावर पांढुरका बुळबुळीत थर, त्वचा सोलल्यासारखी: ब्रुकलिनेला. यावर तांबं चालत नाही. फॉर्मेलिनचं स्नान: १० लिटर खाऱ्या पाण्यात ३७ टक्क्यांचं दीड मिली, ३०-४५ मिनिटं, हवेचा पंप जोरात, मासा नजरेसमोर. तो आडवा पडायला लागला की लगेच बाहेर. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली वापरायची नाही. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे. स्नानानंतर मासा नव्या, निर्जंतुक टाकीत.

ग्रीन क्रोमिसच्या अंगावर लाल ओरखड्यासारखी जखम दिसली तर बहुधा युरोनेमा हा परजीवी. त्या टाकीतले क्रोमिस घेऊच नका.

वैदर्भी:
उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. ३५ पीपीटीच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३१ ला सहाच्या थोडा वर. गोड्या पाण्यात २५ अंशांना सव्वाआठ असतो. म्हणजे समुद्री मासा आधीच कमीवर जगत असतो, त्यात एप्रिल-मे आला की रात्री दम लागतो.
नागपूरच्या कोरड्या हवेत संपावर दोन पंखे लावले तरी पाणी तीन अंश उतरतं. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे पंख्याचा उपयोग फार कमी, तिथे चिलर नाहीतर खोलीला एसी. पंखे लावले की बाष्पीभवन दुप्पट होऊ शकतं, तेव्हा आपोआप पाणी भरणारं यंत्र बसवाच. १७० लिटरमधून ५ लिटर उडाले की क्षारता ३५ ची ३६ वर जाते.

खाडीकाठ:
वीज जाण्याचंही याच ओघात. तुमच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की चार लिटर संपात येतात. पंप बंद पडल्यावर रिटर्नचा नळ जितका खोल बुडलेला, तितकं पाणी परत खाली. नळाचं तोंड पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि संपात १५ लिटरची जागा कायम मोकळी सोडा. सायफन तोडायला पाइपला पाडलेलं भोक शेवाळाने बुजतं, एकट्या त्यावर विसंबू नका. भरल्या टाकीवर मुद्दाम वीज बंद करून बघा, मासा यायच्या आधी.

इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर टाका, तो पाच-दहा वॅटच खातो. हीटर आणि स्किमर नको. यूएसबीचा हवापंप १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर पंधरा-वीस तास चालू शकतो, पण काही पॉवर बँका एवढ्या कमी भाराला आपणहून बंद होतात. ते आधी तपासून ठेवा.

निळाई:
मुख्य टाकीत आल्यावरचे पहिले आठवडे: दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) वितळवून, गाळून, पाणी फेकून द्यायचं. नवा मासा पहिले दोन दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका. चौथ्या दिवशीही नाही, तर जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले जीव) द्या, हालचालीवर तो झडप घालतो.

दगड तपकिरी होतील, मग हिरवे. हे डायाटम आणि शेवाळ येणारच. घाबरून रसायनं ओतू नका, आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्ट तर मुळीच नको. दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट माजतात, बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबडासारखा थर, आणि तो घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. गोगलगायी शेवाळ दिसल्यावर आणा, आधी आणल्या तर उपाशी मरतात. पाच-सहा ट्रोकस, तीन-चार नासारियस पुरे.

तळेगावकर:
असा क्रम लावला आहे: या आठवड्यात पाणी, मीठ, बाटली आणि अमोनिया, स्पंज संपात. सायकल झाली की फायरफिश आणि कार्डिनल विलगीकरणात, मग ते मुख्य टाकीत. त्यानंतर गोबी. क्लाउन शेवटी, कारण जागा धरून बसतात. मागच्या बाजूने टाकी उघडी आहे, पुढून काचेचं झाकण आहे. चालेल?

कल्ला:
क्रम चांगला आहे. फायरफिश आणि कार्डिनल एकत्र विलगीकरणात ठेवलेत तर दिवस दोघांचे एकत्रच मोजा. मध्येच तिसरा मासा घातला तर सगळ्यांची मोजणी पहिल्यापासून.
झाकण मात्र चालणार नाही. फायरफिश दचकला की सरळ वर उडी घेतो, आणि मागची फट त्याला पुरते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत ६ मिलिमीटर छिद्रांची नायलॉन जाळी ताणून पूर्ण वरचा भाग झाका, वायर जाते तिथली खाचही. पूर्ण काच लावू नका, हवेची देवाणघेवाण कमी होते आणि पाणी तापतं. ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपात उतरतं त्या कठड्याच्या) दातांमधली फट पाच मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर तिथे याहून बारीक जाळी लावा, लहान गोबी त्यातून संपात उतरतो. विलगीकरणाच्या टाकीलाही हेच झाकण, कारण नव्या जागेत पहिल्या रात्री मासा सगळ्यांत जास्त उड्या मारतो.